परदेशातून थेट मागवलेली कार्बन सायकल : खोक्यापासून कासारसाईपर्यंत

पुण्याजवळच्या जांब्याहून सायकल काढली की रस्त्यांना तोटा नाही. एकीकडे नेरे आणि कासारसाईचे धरण. दुसरीकडे मारुंजी, हिंजवडी, माण ओलांडून घोटावडे, पौड आणि पायांत दम असेल तर मुळशी धरणाच्या कडेने थेट ताम्हिणी. गहुंज्याच्या बाजूने निघाले तर पवनेचे खोरे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत मुळशी-मावळातून गेली, तेव्हा रोज हिंजवडीत कामाला जाणाऱ्या अनेकांनी आपल्या ओळखीच्या रस्त्यांवर जगातले व्यावसायिक सायकलपटू प्रथमच पाहिले. अशा वेळी घरातली जुनी हायब्रिड सायकल एकदम जड वाटू लागते.

पण नामांकित कंपनीची कार्बन रोड बाईक दुकानातून घ्यायची तर बजेट लाखांत जाते. मग इंटरनेटवर चिनी कारखान्याची फ्रेम दिसते. फोर्कसकट साधारण चारशे ते सातशे डॉलर, हवा तो रंग, वजन हजार ग्रॅमच्या आसपास. हिशेब मोहात पाडणारा आहे आणि तो खोटाही नाही. जगभरात हजारो लोक अशा सायकली वर्षानुवर्षे चालवतात. मात्र दुकानदार मधून गेला की त्याचा नफा वाचतो आणि त्याची कामेही आपल्या अंगावर येतात. माल तपासणे, मापे जुळवणे, बोल्ट योग्य जोराने आवळणे आणि तक्रार आली तर कारण शोधणे हे सगळे आता घेणाऱ्याने करायचे असते. ही तयारी असेल तरच या वाटेला जावे.

आधी या फ्रेम येतात कुठून ते पाहू. चीनमध्ये फुजियान प्रांतातले शियामेन आणि दक्षिणेकडचा शेंझेन-हुईझोऊ पट्टा ही कार्बन सायकलींची मोठी केंद्रे. तैवानच्या जायंट आणि मेरिडा या कंपन्या स्वतःच्या नावाने सायकली विकतात आणि इतर ब्रँडसाठीही बनवतात. ‘चिनी म्हणजे टाकाऊ’ हा समज सोडलेला बरा. फरक ओळखायचा तो वेगळ्या ठिकाणी. काही कारखाने स्वतः संशोधन करून साचा तयार करतात. काही ‘ओपन मोल्ड’ विकतात, म्हणजे एकाच साच्यातली फ्रेम दहा नावांनी आणि दहा रंगांत बाजारात येते. ओपन मोल्ड वाईट असतेच असे नाही, पण तिच्या दर्जाची हमी कोण देतो हे स्पष्ट नसते.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘टी ७००’ किंवा ‘टी ८००’ लिहिलेले असते. हा जपानच्या तोरे कंपनीच्या धाग्याचा क्रमांक. धागा चांगला आहे एवढेच त्यातून कळते. त्याचे थर कोणत्या कोनात लावले, कुठे जाड ठेवले, आत राळेचे गोळे राहिले का, हे त्यातून कळत नाही आणि फ्रेमची ताकद मात्र तिथेच ठरते. म्हणून विक्रेत्याला धाग्यापेक्षा चाचणीबद्दल विचारावे. फ्रेम आणि फोर्क दोन्हींचा आयएसओ ४२१० प्रमाणे केलेला चाचणी अहवाल, त्यावर त्याच मॉडेलचा क्रमांक, आणि मान्यता असल्याचा दावा असेल तर युसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या यादीत त्या मॉडेलचे नाव. उत्तर टाळणाऱ्या विक्रेत्याला पैसे पाठवू नयेत.

खरेदीची वाट भारतात थोडी अडचणीची आहे. २४ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ४३ ॲपवर बंदी घातली, त्यात अलीएक्सप्रेसही होते. त्यामुळे परदेशातल्या व्हिडिओंमध्ये दाखवतात तो सोपा मार्ग इथे चालत नाही. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मागवणे किंवा भारतात तिचा अधिकृत वितरक असल्यास त्याच्याकडून घेणे, हे उरलेले सरळ पर्याय. आयात शुल्क फक्त फ्रेमच्या किमतीवर लागत नाही. माल, भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर ते लागते आणि त्या वाढलेल्या रकमेवर पुन्हा आयजीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकली आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण वैयक्तिक वापरासाठी आलेले पार्सल ९८०४ या वेगळ्या शीर्षकाखाली गेले तर आकारणी वेगळी होते. म्हणून कुरियर कंपनीकडून आधीच लेखी अंदाज घ्यावा आणि केवायसीची कागदपत्रे तयार ठेवावीत. ‘किंमत कमी दाखवून पाठवू का?’ असे विक्रेता हमखास विचारतो. उत्तर ठामपणे नाही असेच द्यावे. खोटी किंमत दाखवणे हा सीमाशुल्क कायद्याखाली गुन्हा आहेच, शिवाय वाटेत फ्रेम मोडली तर विम्याचे पैसेही त्या खोट्या किमतीएवढेच मिळतात.

आता निवड. इथे जांब्याचा रस्ता डोळ्यासमोर ठेवावा लागतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याच्या प्रस्तावात ज्या गावांची नावे सतत येतात त्यांतले हे एक, आणि बांधकाम जोरात. सिमेंट मिक्सर आणि डंपर दिवसभर ये-जा करतात, वळणांवर खडी सांडलेली असते, पावसाळ्यात त्यावर चिखलाचा थर चढतो. या रस्त्यावर २५ मिमीचे टायर म्हणजे मनगटांची आणि रिमची परीक्षा. फ्रेममध्ये किमान ३२ मिमी टायर सुटसुटीत बसला पाहिजे. ब्रेक डिस्कचेच घ्यावेत. कार्बन रिमवर रबरी ब्रेकचे पॅड घासत ताम्हिणीसारखा घाट उतरताना रिम तापते, आणि पावसात तर तो ब्रेक धरायलाच वेळ लागतो.

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा दांडा जिथून जातो ते नळकांडे, आट्यांचे असावे. बीएसए किंवा टी ४७. प्रेसफिटमध्ये बेअरिंग नुसते दाबून बसवतात. नळकांडे हुकमी मापाचे असेल तर तेही उत्तम चालते, पण स्वस्त फ्रेममध्ये नेमकी तिथेच अचूकता कमी असते. सीटपोस्ट गोल, २७.२ मिमीचा असेल तर उद्या मोडला तरी पुण्यात कुठेही मिळतो. फक्त त्याच फ्रेमला बसणारा चपटा एअरो पोस्ट पुन्हा परदेशातून मागवावा लागतो. गिअरचा हँगर, म्हणजे मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा, सर्वत्र मिळणाऱ्या यूडीएच प्रकारचा असेल तर दुधात साखर. नसेल तर फ्रेमबरोबरच दोन जादा हँगर मागवून ठेवावेत. सायकल उभी असताना उजव्या बाजूला पडली तरी हँगर वाकतो.

हँडल आणि स्टेम एकत्र असलेले, सगळ्या केबल पोटात घेणारे देखणे हँडल आजकाल प्रत्येक फ्रेमसोबत देऊ करतात. पहिल्यांदाच सायकल जोडणाऱ्याने ते घेऊ नये. त्यात हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्या वरच्या हेडसेट बेअरिंगच्या मधून जातात. मुळशीच्या पावसात ते बेअरिंग गंजले की बदलण्यासाठी नळी सोडवावी लागते, तेल काढावे लागते, पुन्हा भरून हवा काढावी लागते. अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होते. स्टेमची लांबी चुकली तर अख्खे हँडल बदलावे लागते ते वेगळेच. साधे ॲल्युमिनियमचे हँडल, वेगळा स्टेम आणि स्टेमखालून फ्रेममध्ये शिरणाऱ्या केबल ही जोडी दिसायला साधी असली तरी दुरुस्तीला सोपी पडते. हँडलच्या बाबतीत तर नामवंतांनाही ठेच लागली आहे. मार्च २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ल सामिन शर्यतीत माथ्यू व्हॅन डर पूलचे हँडल चालू शर्यतीत तुटले आणि थेट ग्राहकांना सायकली विकणाऱ्या जर्मनीच्या कॅन्यन कंपनीने ते हँडल असलेल्या सायकली चालवू नका, असे ग्राहकांना कळवले. कॅन्यनजवळ निदान ग्राहकांची यादी होती आणि निरोप पोचवण्याची व्यवस्था होती. ओपन मोल्डच्या फ्रेममध्ये असा दोष निघाला तर निरोप येईलच याची शाश्वती नाही.

गिअर सेट निवडताना शिफ्टर आणि मागचा डिरेलर एकाच कंपनीचे, एकाच पिढीचे घ्यावेत. शिमानोचा टियाग्रा ४७०० दहा स्पीडचा असूनही जुन्या दहा स्पीडच्या डिरेलरशी जुळत नाही, हे अनेकांना केबल ओढून झाल्यावर कळते. जुन्या बाजारातून क्रँक घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने जुलै २०१९ पूर्वी बनलेल्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस दर्जाच्या ११ स्पीड हॉलोटेक क्रँकची जगभर तपासणी जाहीर केली, कारण त्यांतले चिकटवलेले दोन भाग सुटून क्रँक मोडत होती. मॉडेल क्रमांक एफसी-६८००, एफसी-आर८०००, एफसी-९०००, एफसी-आर९१००. स्वस्तात मिळणारी अल्टेग्रा क्रँक यांपैकी असेल तर कोपऱ्या-कोपऱ्यावर सांधा उघडतोय का हे उजेडात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खोके आले की फोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो आणि फोडताना सलग व्हिडिओ. पुढच्या तक्रारीचा तोच पुरावा. नंतर फ्रेम पांढऱ्या चादरीवर ठेवून टॉर्च घ्यावा. हेड ट्यूबमध्ये, बॉटम ब्रॅकेटमध्ये आणि सीट ट्यूबच्या तोंडातून आत उजेड टाकला की कारखान्याची शिस्त लगेच दिसते. आतली भिंत गुळगुळीत असेल तर कार्बन दाबताना आतली पिशवी नीट फुगलेली असते. जागोजागी सुरकुत्या, राळेचे सुकलेले ओघळ किंवा प्लास्टिकचे लोंबते तुकडे दिसले तर फोटो काढून विक्रेत्याकडे पाठवावेत. मग एका नाण्याने नळ्यांवर हलकेच वाजवत जावे. आवाज एकसारखा टणक यायला हवा. मध्येच एखाद्या टप्प्यावर बद्द आला तर तिथले थर सुटलेले असण्याची शक्यता असते. जाडी बदलते तिथे आवाज थोडा बदलणारच, म्हणून डाव्या-उजव्या बाजूची तुलना करावी.

मापांसाठी व्हर्नियर लागतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम केलेला कुणीतरी प्रत्येक सोसायटीत असतोच. त्याच्याकडून व्हर्नियर आणि त्याचा हातही उसना घ्यावा. बीएसए नळकांड्याची रुंदी ६८ मिमी. बीबी ८६ प्रेसफिट असेल तर आतला व्यास ४१ मिमी, आणि तो तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजावा. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर छिद्र गोल नाही आणि ती फ्रेम पुढे कुरकुरणार हे नक्की. अशी फ्रेम लेथवर नेऊन कार्बन खरडून घेऊ नये. परत करावी किंवा किमतीत घट मागावी. मागच्या दोन्ही पायांमध्ये चाक बसवून ते फ्रेमच्या मधोमध येते का हेही रंग खराब होण्याआधीच पाहावे. चाक उलटे फिरवून बसवल्यावर ते दुसऱ्या बाजूला तितकेच सरकले तर दोष चाकाच्या डिशिंगचा. त्याच बाजूला राहिले तर दोष फ्रेमचा.

सगळ्यात जास्त वेळ फोर्कच्या दांड्यावर घालवावा. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत जॉर्ज हिंकॅपीच्या सायकलचा हा दांडा मोडला, हँडल हातात आले आणि तो दगडी रस्त्यावर कोसळला. तो दांडा ॲल्युमिनियमचा होता. पण दांडा मोडला की सावरायला क्षणही मिळत नाही, हे कार्बनलाही तितकेच लागू आहे. कार्बनचा दांडा कापताना सगळी उंची दोनदा मोजावी, चिकटपट्टी लावून बारीक दातांच्या ब्लेडने ओला ठेवत कापावा आणि मास्क घालावा, कारण कार्बनची धूळ फुप्फुसांना घातक असते. कापलेली कड स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या तोंडापेक्षा दोन-तीन मिमी खाली राहिली पाहिजे, नाहीतर वरची टोपी दाब देऊच शकत नाही. दांड्याच्या आतला प्रसरण होणारा प्लग स्टेमच्या बरोबर मागे येईल इतका खोल बसवावा. तो नसेल तर स्टेमचे बोल्ट पोकळ दांडा चेपतात.

इथेच टॉर्क रेंच कामाला येतो. दोन ते पंधरा न्यूटन-मीटरचा रेंच हा या संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत स्वस्त विमा समजावा. स्टेमचे बोल्ट सहसा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास, सीट क्लॅम्प पाच-सहा. अंतिम आकडा मात्र त्या भागावर छापलेलाच मानावा. कॅसेटची लॉकरिंग आणि सेंटरलॉक डिस्कची रिंग मात्र चाळीसवर, त्यासाठी वेगळा मोठा रेंच लागतो. बॉटम ब्रॅकेट बसवताना दोन वळसे तरी नुसत्या हाताने फिरले पाहिजेत. उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावला की नव्या फ्रेमचे आटे गेलेच म्हणायचे. चाकाच्या थ्रू ॲक्सलचेही तसेच. १२ मिमी व्यास सारखा असला तरी आट्यांचा पिच वेगळा असू शकतो, सहसा १.० किंवा १.५. दुसऱ्या सायकलचा ॲक्सल घुसवून पाहू नये.

जोडणी झाली, आणि पहिल्याच चढाला कुरकुर सुरू झाली. थेट मागवलेल्या सायकलची ही सगळ्यांत मोठी डोकेदुखी, आणि बहुतेकजण पहिला संशय बॉटम ब्रॅकेटवर घेतात. घाई करू नये. आवाज कार्बनच्या पोकळ नळ्यांतून फिरतो आणि मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. आधी उभे राहून पेडल मारावे. आवाज थांबला तर गुन्हेगार सीटपोस्ट किंवा सीटचे रेल. पोस्ट काढून, दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कार्बनची खरखरीत पेस्ट लावावी, ग्रीस लावू नये. पोस्ट खाली सरकत असेल तर त्यालाही हाच इलाज. बोल्ट आवळत बसण्याने फक्त नळी तडकते. उभे राहूनही आवाज येत असेल तर पेडल न मारता हँडल डावीकडे-उजवीकडे दाबून पाहावे. तेव्हा आला तर स्टेम किंवा हेडसेट. फक्त पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदाच येत असेल तर पेडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट आणि मग बॉटम ब्रॅकेट, या क्रमाने. आणि हँगरच्या मागे, फ्रेमला लागतो त्या पृष्ठभागावर थोडे ग्रीस लावायला विसरू नये. एवढ्याशा जागेतून येणारा टकटक आवाज अनेकांनी महिनाभर क्रँकमध्ये शोधला आहे.

पुढचा ब्रेक लावून सायकल पुढे-मागे हलवल्यावर हेडसेट खटखटत असेल तर क्रम चुकलेला असतो. स्टेमचे बोल्ट सैल करावेत, वरची टोपी थोडी आवळून खेळ काढावा आणि मगच स्टेम आवळावा. स्टेम आवळलेला असताना टोपी कितीही फिरवली तरी काही होत नाही. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून ब्रेक दाबून धरावा आणि तसाच धरून ते आळीपाळीने आवळावेत. तरीही घासली तर डिस्कचा आऊट काढावा किंवा कॅलिपर बसतो तो पृष्ठभाग सपाट आहे का ते पाहावे. गिअर मोठ्या चकत्यांवर नीट आणि छोट्यांवर अडखळत असतील तर बहुधा केबल आत कुठेतरी तीव्र वळणात अडकते. दोन्हीकडे अडखळत असतील तर हँगर वाकला आहे, आणि तो सरळ करायला साधे पण नेमके अवजार असलेला मेकॅनिक गाठावा. हाताने वाकवू नये.

पूर्ण जोडलेली सायकल मागवली असेल तर ब्रेकचे हात तपासणे अत्यावश्यक. भारतात पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. परदेशी जोडणीत तो अनेकदा डावीकडे येतो. सपाट रस्त्यावर मेंदू जुळवून घेतो, पण घाटात अचानक म्हैस आडवी आली की जुनी सवयच काम करते. तो तसा असेल तर नळ्या अदलाबदल करून घ्याव्यात आणि मग पुन्हा तेल भरून हवा काढावी. शिमानोसाठी मिनरल तेल आणि स्रॅमच्या बहुतेक रोड ब्रेकसाठी डॉट द्रव. हे दोन कधीही मिसळू नयेत, आतले रबर फुगून ब्रेक निकामी होतो.

चाकांबद्दल एक इशारा. स्वस्त कार्बन चाकांत ‘हुकलेस’ रिम वाढत आहेत, म्हणजे टायर अडकवणारी कड नसते. अशा रिमवर हवेचा दाब ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर जाऊ देऊ नये आणि त्यावर हुकलेससाठी मान्य असलेलाच टायर बसवावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये थॉमस दे गेंट पडला तेव्हा त्याच्या हुकलेस चाकावरून टायर निघून आला होता, आणि त्यानंतर युसीआयने या रिमच्या सुरक्षेचा विषय हाती घेतला. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने हवा भरायची सवय असलेल्याने साधी हुकवाली रिमच घ्यावी.

पहिली फेरी लांब नको. जांबे ते कासारसाई आणि परत, रविवारी पहाटे, डंपर सुरू होण्याआधी. घरी आल्यावर स्टेम, हँडल, सीट, क्रँक आणि दोन्ही कॅलिपरचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. नवे भाग बसताना एखादा तरी ढिला पडतोच. सीटपोस्टवर टेपची पट्टी लावून ठेवली तर पोस्ट सरकला की कळते. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. मगच ताम्हिणीचा विचार करावा. पडझड झाली, विशेषतः पुढचे चाक जोरात आदळले, तर चाक काढून फोर्कचे दोन्ही पाय आणि दांडा उजेडात न्याहाळल्याशिवाय पुन्हा वेगाने जाऊ नये.

मे महिन्याच्या शेवटी सीटपोस्ट काढून, सायकल उलटी करून, बॉटम ब्रॅकेटखालचे पाणी निघायचे छिद्र उघडे आहे का पाहावे. काही स्वस्त फ्रेमना ते नसतेच, अशा वेळी पावसातल्या प्रत्येक फेरीनंतर पोस्ट काढून सायकल उलटी टांगावी. हेडसेटची दोन्ही बेअरिंग त्याच वेळी ग्रीस भरून बसवावीत. गौरी-गणपती आटोपले की ती पुन्हा उघडावीत, आणि बोटाने फिरवून खरखर लागली तर बदलावीत. मापे बेअरिंगच्या कडेवरच कोरलेली असतात. ती वाचून बेअरिंगच्या दुकानात विचारावे, परदेशातल्या पार्सलची वाट पाहायची गरज नाही.